भर दुपारचं पाणी

४ एप्रिल

वहिनींना धाकट्या जावेचा नमस्कार.

चौदा महिन्यांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितेय तीही गरज पडली म्हणून. तुमचा पत्ता दादांच्या छापखान्यातल्या मॅनेजरांकडून मिळाला. दादा असते तर ही वेळच आली नसती, पण ते जाऊन आता दीड वर्ष होईल.

काम असं आहे. परसातली बाग या उन्हाळ्यात तग धरेना. टोमॅटोचे तीन वाफे आहेत, प्रत्येकी बारा फूट बाय साडेतीन. वांग्यांचे दोन, भेंडीचा एक. काकडीचा वेल कुंपणावर सव्वाआठ फूट चढलाय, पण दुपार झाली की पानं माना टाकतात. झेंडूची कळी वाटाण्याएवढी होते आणि तिथेच थांबते. गुलाबांना पूर्वीच्या निम्मी फुलं. २८ तारखेला उद्यान मंडळाची समिती उन्हाळी बागा बघायला येणार आहे. पहिल्या आलेल्या बागेच्या फाटकावर वर्षभर मंडळाची पाटी लागते.

तुम्ही बावीस वर्षं ही बाग केलीत. पहाटे उठून मगाने एकेका बुंध्याशी पाणी घालायचात, ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. तसंच करायचं ना? खत कुठलं आणि किती? सविस्तर लिहून पाठवा, फोनवर मापं लक्षात राहत नाहीत. हे पत्र लिहिलंय ते यांना ठाऊक नाही.

सोबत साप्ताहिकातलं एक कात्रण आहे. बाग हल्ली कशी दिसते ते तुम्हाला कळावं म्हणून.

तुमची,
धाकटी

•

९ एप्रिल

धाकटे,

पत्र मिळालं. रागावले नाही. रागवायलाही जरा ऐसपैस जागा लागते आणि माझी खोली दहा बाय नऊची आहे. तिसरा मजला. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागेल इतकी जवळ. मी इथल्या हॉस्पिटलच्या कपडेखोलीत कामाला आहे. दिवसाला अडीचशे चादरींच्या घड्या घालते. माती दिसते ती रस्ता खणतात तेव्हा.

कात्रण वाचलं. फोटो झकास आलाय. भाऊजींची टोपी नवी दिसते. ‘निवृत्तीनंतर उजाड परसात एकट्याने फुलवलेली बाग’ हे वाक्य बातमीदाराचं की भाऊजींचं? सहज विचारते. ज्या गुलाबाला हात लावून ते उभे आहेत, तो मी लावला तेव्हा वजनमापे खात्यात त्यांची बढती व्हायची होती.

आणि तुझ्या पत्रात वाफ्यांची मापं आहेत. तू उभ्या जन्मात मीठसुद्धा मोजून घातलं नाहीस. तुझ्या खुर्चीमागे उभं राहून कोण सांगत होतं ते कळलं. असू दे. कोण विचारतंय ते झाडांना कुठे माहीत असतं?

आता नीट वाच. पहाटेचं पाणी ही माझी जुनी खोड होती, दिवसा मला सवड नसायची म्हणून. झाडाला खरी तहान लागते भर दुपारी. बारा वाजता नळी लावायची आणि निदान तासभर, पानांवरून, फुलांवरून, सगळं न्हाऊ घालायचं. सावलीतून नळी फिरवून भागणार नाही, झाडाजवळ उभं राहायला हवं. बुंध्याशी वाळलेलं गवत पसरलेलं असेल तर काढून टाका, मुळांना वारा लागू दे. खत कोंबडीचं, ताजं. कुजवत बसायला वेळ नाही. वाफ्याला दोन पोती, मुळांना चिकटून.

आणि हे काम भाऊजींनी स्वतः करावं. झाडाला एकाच माणसाच्या हाताची सवय लागते.

थोरली

•

१६ एप्रिल

वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी यांनी गवत काढलं. तीन ढीग झाले. खताची पोती दुसऱ्या दिवशी आली. वास असा की शेजारच्या शिंपीणबाईंनी दोन दिवस खिडक्या उघडल्या नाहीत. हे म्हणाले, “शास्त्रशुद्ध खताला वास येतोच.”

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. कात्रणाचं आणि मागे उभं राहण्याबद्दलचं तेवढं गाळलं. यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, वर तारीख घातली आणि शीर्षक दिलं ‘माझी पद्धत’.

आता रोज बाराला पाच कमी असताना हे टोपी घालून बाहेर पडतात. एक वाजून पाच मिनिटांनी आत येतात. तोंड लालबुंद झालेलं असतं, शर्ट पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, छत्री तरी धरा. तर म्हणाले, एका हातात छत्री आणि एका हातात नळी, मग पान उलटून कोण बघणार? गेल्या महिन्यात डॉक्टरांनी रक्तदाब तपासून ऊन टाळायला बजावलं होतं. गोळ्याही वाढवल्यात. पण बागेपुढे हे कुणाचं ऐकतात?

टोमॅटोच्या पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्यात. भेंडी जरा पिवळी वाटते. हे म्हणतात, झाड जुनी पानं टाकून नवी घ्यायच्या तयारीत आहे. तसंच असेल ना? गुलाबांचं काय करायचं ते तुम्ही लिहिलं नाहीत.

बारा दिवस उरलेत.

धाकटी

•

२० एप्रिल

धाकटे,

तसंच आहे. घाबरून पाणी कमी करू नका. तासाचे दोन तास करा. डॉक्टरांना माणसातलं कळतं, झाडातलं त्यांना काय कळणार?

गुलाब वीतभर ठेवून सगळे छाटा. सगळे म्हणजे सगळे. हात आखडलात तर समितीपुढे नुसत्या काटक्या उभ्या राहतील.

बारा दिवस उरलेत असं तू लिहिलंस. बारा या आकड्यावरून मला एक आठवलं. माझ्या बहिणीचं ऑपरेशन होतं म्हणून मी तिच्याकडे गेले होते, तेही बाराच दिवस. तुझे दादा जाऊन तीन महिने झाले होते. परत आले तर ओटीवर अकरा खोकी रचून ठेवलेली. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी, आत काय आहे त्याची यादी आणि खाली वजन. साडेसहा किलो. नऊ किलो दोनशे. बावीस वर्षांच्या संसाराचं वजन मला भाऊजींच्या अक्षरात वाचायला मिळालं. दाराला नवं कुलूप होतं. भाऊजी दारात उभे राहून म्हणाले, “वहिनी, घर लहान पडतंय. तुम्हीच म्हणाला होतात ना, बहिणीकडे बरं वाटतं?” मी एवढंच म्हटलं, “परसातल्या वेलाला आधार द्यायचा राहिलाय, तेवढा देऊन जाते.” ते म्हणाले, “त्याची काळजी करू नका, मी आहे.”

तू पडद्यामागे होतीस. पडदा हलला होता.

हे उगाच लिहिलं. गुलाब छाटायला विसरू नका.

थोरली

•

३ मे

वहिनी,

काय झालं ते क्रमाने लिहिते.

गुलाब तुमचं पत्र आलं त्या दिवशी छाटले. एकालाही फुटवा आला नाही. टोमॅटो बुंध्यापासून जळाले, वांग्यांची पानं भाजल्यासारखी झाली. काकडीचा वेल हात लावला की कुंपणावरून सुटून यायचा. हे आधी बियाणंवाल्याशी भांडले, मग शिंपीणबाईंशी, की तुमच्या मोरीचं पाणी आमच्या वाफ्यात झिरपतं. मग माझ्याकडे वळले. म्हणाले, तुझ्या हाताला यश नाही, तू बागेत पाऊल टाकू नकोस. मी टाकतच नव्हते.

सत्तावीस तारखेला संध्याकाळी रोपवाटिकेची गाडी आली. चाळीस रोपं. फुललेले झेंडू, झिनिया, फळं लागलेली टोमॅटोची झाडं, कळ्यांसकट गुलाब. गुलाबांचे खुंट सोडून जुनं सगळं उपटून यांनी ती रोपं वाफ्यांत बसवली. कुंड्यांतून काढायला वेळ नव्हता, म्हणून कुंडीसकट पुरली आणि वर माती ओढली. चार-चार इंचांचं अंतर पट्टीने मोजून.

समिती दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आली. तिघं जण. एक निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या बाई, एक नगरपालिकेचे माळी आणि तिसरे चौकातले किराणावाले. या किराणावाल्यांचा काटा यांनी नोकरीत असताना जप्त केला होता, किलोमागे तीन ग्रॅमची खोट निघाली म्हणून.

बाई वाफ्यांमधून सावकाश फिरल्या. झेंडूपाशी थांबून विचारलं, “हे कधीचे?”

हे म्हणाले, “फेब्रुवारीतले.”

बाईंनी वाकून झेंडूचा बुंधा दोन बोटांत धरला आणि अलगद वर उचलला. काळी प्लास्टिकची कुंडी मातीतून वर आली. तिच्यावर रोपवाटिकेचं लेबल होतं, तारखेसकट. बाई म्हणाल्या, “फेब्रुवारीत कुंडीसकट लावलेत का?”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माळ्याने पायाने दुसऱ्या झाडाची माती जरा सारली, तिथेही कुंडी. किराणावाल्यांनी हात मागे बांधले आणि इतकंच म्हणाले, “साहेब, तुम्ही तर मापाचे पक्के होतात.” मग तिघंही नमस्कार करून निघून गेले. मी केलेलं सरबत तसंच राहिलं.

हे आत आले नाहीत. बारा वाजले. यांनी नळी लावली आणि त्या कुंड्यांवर पाणी मारत राहिले. टोपी आतच खुंटीवर राहिली होती. मी हाक मारली नाही. एकच्या सुमाराला नळी वळवळताना दिसली, वाफ्यात मोकाट पाणी चाललं होतं आणि हे टोमॅटोंवर आडवे.

झटका आलाय. उजवी बाजू गेली. सहा दिवस हॉस्पिटलात आहेत, उद्या घरी पाठवणार. वाचाही गेली, एक शब्द सोडून. ‘पाणी’ तेवढं म्हणता येतं. भूक लागली तरी पाणी, राग आला तरी पाणी, मला हाक मारायची तरी पाणी.

धाकटी

•

७ मे

धाकटे,

हे पत्र तू शेवटपर्यंत वाचशील की नाही, माहीत नाही. वाच.

मी लिहिलेलं सगळं खोटं होतं. भर उन्हात पानांवर पाणी मारलं तर तापलेल्या मातीत मुळं उकडतात आणि पाणी बरंचसं वाफ होऊन जातं. बुंध्याशी गवत असतं ते ओल टिकावी म्हणून. कोंबडीचं ताजं खत मुळं जाळतं, ते वर्षभर कुजवायचं असतं. उन्हाळ्यात गुलाब छाटला तर तो बहुधा परत उठत नाही. मी माझीच बाग मारली, लांबून, तीनशे मैलांवर बसून. बावीस वर्षं जे शिकले ते सगळं उलटं करून लिहिलं. एक अक्षर चुकून लिहिलेलं नाही.

बाग मेली याचा मला आनंद झाला. आजही आहे. कुंडी वर आली ते मी चार वेळा वाचलं. तिथे असते तर किराणावाल्यांना ताजं सरबत करून दिलं असतं.

पण एक गोष्ट बागेच्या नावावर खपवता येत नाही. सोळा तारखेच्या पत्रात तू रक्तदाबाचं लिहिलंस. ते वाचलं तेव्हा माझ्या मांडीवर चादर होती. ती अर्धी घडी घालून मी बराच वेळ बसून राहिले. मग तिची घडी पुरी केली, कागद घेतला आणि तुला लिहिलं, तासाचे दोन तास करा. माझ्या हातून काय होतंय ते मला माहीत होतं.

माफी मागत नाही. आनंद आणि माफी एका पाकिटात घालायची नसते. तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे. पोलिसांना सांगायचं असेल तर माझी पत्रं तुझ्याकडे आहेतच.

एकच कामाचं सांगते, ते मात्र खरं आहे. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवत जा. पाठ कोरडी ठेव. चादरीला सुरकुती राहू देऊ नकोस. पाठीवर एकदा फोड आला की तो लवकर भरत नाही.

थोरली

•

११ मे

वहिनी,

पत्र शेवटपर्यंत वाचलं. शिव्या देत नाही. तुम्ही नवीन काही सांगितलं नाहीत.

एकोणीस वर्षं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमची बाग बघत होते. तुम्ही गवत का पसरता, खत कुठल्या कोपऱ्यात वर्षभर झाकून ठेवता, उन्हाळ्यात गुलाबाला कात्री लावत नाही, हे मला पाठ आहे. तुमचं पहिलं उत्तर आलं आणि ‘भर दुपारी’ हे शब्द वाचले तेव्हाच कळलं. मग आवाज जराही न बदलता यांना वाचून दाखवलं. कितीतरी दिवसांनी मला इतकं बरं वाटलं होतं.

पहिलं पत्र यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, ते तुम्ही ओळखलंत. कात्रण मात्र मी घातलं. यांना त्याचा पत्ता नव्हता. ‘उजाड परसात’ हे वाचून तुमचं काय होईल ते मला ठाऊक होतं. रक्तदाबाचंही मी मुद्दाम लिहिलं. तुमचं काय उत्तर येतं ते बघायचं होतं.

तुमची खोकी मी भरली. हे म्हणाले होते, वहिनींनीच सामान मागवलंय. मी तुमचे कप वर्तमानपत्रात गुंडाळले, एकेक. तुम्ही ओटीवर आलात आणि चिठ्ठ्या वाचायला लागलात, तेव्हा पडद्यामागून तुमचा चेहरा दिसला आणि कळलं. मी पुढे आले नाही. ते देणं माझ्याकडे आहे.

तुम्ही गेल्यावर मोजायला यांच्याकडे मीच उरले. बाजारातून यायला किती मिनिटं लागली, भाजीचं देठ किती टाकलं, फोनवर किती बोलले. मी अकरा वर्षं बालवाडीत शिकवत होते, आठवतंय ना? गेल्या जूनमध्ये शाळेत गेले तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तुमचा राजीनामा मिळाला, वाईट वाटलं.” माझ्या नावाने यांनीच लिहून पाठवला होता. खाली माझी सही हुबेहूब. मुलं दारातून बघत होती आणि मला आत जाता येईना. घरी येऊन विचारलं तर म्हणाले, “बागेला माणूस लागतं.” आणि बागेत तर मला येऊ देत नव्हते.

आता राहिलेलं सांगते. हे पडले तेव्हा मी पातेलं विसळत होते. खिडकीतून स्पष्ट दिसलं. मी पातेलं विसळून झालं की पालथं घातलं. मग दुसरं घेतलं. मग ओटा पुसला. मग गेले. डॉक्टरांनी विचारलं, पडल्यापासून किती वेळाने बघितलंत? मी म्हटलं, लगेच. वीस मिनिटं झाली होती.

म्हणजे तुमचे दोन तास आणि माझी वीस मिनिटं. वाटून घेऊ.

हे आता मागच्या खोलीत आहेत, खिडकीशी. मला एकटीला वळवत नाहीत, पाठीत कळ येते. तुम्ही पंधरा दिवस याल का? तुमची खोली रिकामी आहे. कुलपाची किल्ली यांच्या कमरेला होती, ती आता माझ्याकडे आहे.

धाकटी

•

२५ मे

वहिनी,

आज मी तुम्हाला यांच्याजवळ ठेवून गेल्याला पाच दिवस झाले. दोन दिवसांत येते असं सांगून निघाले होते. तुम्ही वाट बघून आता बघायची सोडली असेल.

मी येणार नाही. भावाकडे आहे. इथल्या एका बालवाडीत जागा होती, सोमवारपासून जाते. बावीस मुलं आहेत. त्यातलं एक सारखं चावतं.

तुम्हाला बोलावलं तेव्हाच माझी बॅग भरलेली होती. खाटेखाली होती, तुम्ही केर काढताना तुमच्या झाडूला लागलीसुद्धा. तीन दिवस मी तुम्हाला औषधांच्या वेळा दाखवल्या, भरवायचं कसं ते दाखवलं, डॉक्टरांची चिठ्ठी कुठे आहे ते दाखवलं. तुम्ही म्हणालात, “धाकटे, तू फार नीटनेटकी झालीस.” तेव्हा एकदा वाटलं, सांगून टाकावं.

तुमच्याशी माझं वैर आहे असं तुम्हाला कधी वाटलं नसेल. मोठं नाही. पण एकोणीस वर्षांत तुम्ही मला त्या बागेत एक रोप लावू दिलं नाहीत. लग्न होऊन आले त्या वर्षी मी माहेरून शेवंतीचं रोप आणलं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळून. तुम्ही ते हातात घेतलंत, बघितलंत आणि म्हणालात, “जागा नाही गं. तू स्वयंपाकघर बघ.” मी स्वयंपाकघर बघितलं. खिडकीतून बाग बघितली.

आता घर तुमचं, बाग तुमची, भाऊजीही तुमचे.

धाकटी

•

३१ मे

धाकटे,

पत्र मिळालं. शेवंतीचं मला आठवत नव्हतं. तू लिहिल्यावर आठवलं. फडकं निळं होतं. जागा होती. उगाच नाही म्हटलं होतं, त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं म्हणून.

तू येत नाहीस हे तिसऱ्या दिवशी कळलं. तुझं कपाट उघडलं तर नुसते हॅंगर. मी तिथेच पलंगावर बसले आणि मला हसू आलं. भाऊजींना मापात धरायला उद्यान मंडळ लागलं, मला धरायला तू एकटी पुरलीस. मग राग आला, तो दोन दिवस टिकला. भांडी फार आपटली. शिंपीणबाई विचारायला आल्या.

चौथ्या दिवशी मीही निघाले. खोटं कशाला सांगू? पिशवी घेतली, दार ओढलं, कोपऱ्यापर्यंत गेले. बसचा थांबा दिसत होता. पावणेदहा झाले होते आणि दहाला त्यांना वळवायचं होतं. कीव नव्हती आली. पण पाठीला फोड आलेल्यांच्या चादरी मी सव्वा वर्ष हाताळल्यात, त्या धुऊन आल्या तरी वास जात नाही. तो वास त्या घरात, त्या खोलीत, हे काही डोक्यातून जाईना. माघारी आले. वळवलं. हॉस्पिटलला कळवलंय की कपडेखोलीत दुसरं कुणी बघा.

बागेचं सांगते. सगळ्या वाफ्यांची वरची वीतभर माती काढून टाकली, इतकी ती खताने आंबली होती. कोपऱ्यातला माझा जुना ढीग कुणी हलवला नव्हता, त्यातलं खत मिसळलं. टोमॅटो, वांगी गेली ती गेलीच. चवळी पेरली, ती या उन्हातही उगवली. बारा गुलाबांपैकी तीन खोडं बुंध्याशी हिरवी आहेत. बाकीच्यांची आशा नाही, त्यांची मुळं मी स्वतः खणून काढली. प्रत्येक मूळ काळं पडलेलं. माझंच काम, नीट बघून घेतलं.

तू लिहिलंस, भाऊजीही तुमचे. तिथे तू मला बरोबर पकडलंस. ते लांब होते तेव्हा त्यांचा राग करणं सोपं होतं. टोपी घातलेला एक फोटो आणि अकरा चिठ्ठ्या, एवढेच भाऊजी माझ्याकडे होते. आता त्यांची नखं वाढतात, ती कापावी लागतात. घास तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर येतो, तो बोटाने आत सारावा लागतो. परवा मी खिडकीसमोर माती उकरत होते, तर ते रडत होते. बागेसाठी, स्वतःसाठी की मी तिथे उभी आहे म्हणून, ते विचारून उपयोग नाही. मी खुरपं खाली ठेवलं नाही. पडदाही ओढला नाही. बघू दे.

डॉक्टर आले होते. म्हणाले, प्रकृती बरी आहे, असेच दहा-पंधरा वर्षं काढतील. माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमची सेवा चांगली आहे.”

तू परत ये असं लिहीत नाही. आलीस तर बघ, पण तुझ्यासाठी वाफा मोकळा ठेवलेला नाही. शेवंती लावायची असेल तर माझी चवळी उपटून लाव आणि मी काय करते ते बघ. ते चावणारं पोर आहे त्याच्या शेजारी बसत जा, लांबून ओरडू नकोस.

इथे दिवस लवकर सुरू होतो. पाणी घालून झालं की मी मागच्या खोलीत जाते, त्यांना उशीला टेकवून बसवते आणि रोज तेच सांगते, “भाऊजी, मी विसरलेले नाही.” ते डोळे मिटून घेतात. मग मी त्यांचे दात घासून देते.

थोरली